अकराचं टपाल

१० नोव्हेंबर, सोमवार

अकराच्या टपालाला आजही वाचायला काही नव्हतं. सलग नववा दिवस. डोकं फिरलंय.

शेळीपालक संघाच्या या ऑफिसात मला चौदा वर्षं झाली. टायपिंग, संगणक, शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचं रजिस्टर, सगळं माझ्याकडं. पण खरं आवडीचं काम एकच. अकरा वाजता आलेलं टपाल मोठ्यानं वाचायचं. बाकड्यावर जो बसला असेल त्यानं ऐकायचं. निम्म्या सभासदांना वाचता येत नाही, म्हणून आधीच्या अध्यक्षांनी ही पद्धत पाडली. कागद असो की मेल, संघाला आलेलं पत्र एकट्याचं नसतं.

तीन महिन्यांपूर्वी सचिव विलास राजीनामा देऊन गेला. (इथून पुढं नुसता वि. पूर्ण नावावर शाई घालवणार नाही.) जाताना संघाचं मेलखातं घेऊन गेला. फुकटचं खातं, त्यानंच उघडलेलं, त्याच्याच मोबाइल नंबरवर. आता त्यानं शेळ्यांचा स्वतःचा धंदा टाकलाय. संघाला आलेली पत्रं तो वाचतो आणि उत्तरंही तोच देतो!

आज येडशीकडच्या चंद्राबाई आल्या होत्या. साठीच्या आहेत, बारा शेळ्या, बोलायला फटकळ. "बाई, विलास गावात येऊन गेला. कर्नाटकातली ती संस्था औंदा त्याच्याकडूनच शेळ्या घेणार म्हनं. संघ बंद पडलाय म्हनं. व्हय का?"

म्हटलं, मग मी काय भूत आहे का?

१२ नोव्हें., बुधवार

वि.ला फोन केला. "ताई, खातं माझ्या नंबरवर हाय. म्हंजी माझं." त्यातली पत्रं? "ती बी माझीच की मग." हसत होता. त्या खात्यातली निम्मी उत्तरं मी टाइप केलेली आहेत. खाली नाव त्याचं असायचं एवढंच.

संस्थेला फोन लावला. "मेल करा" म्हणून ठेवून दिला. कुणाला करू, पत्ते सगळे जुन्या खात्यात.

संस्थेचं मागणीपत्र दरवर्षी संक्रांतीच्या आसपास येतं. चाळीस शेळ्या, चार बोकड. बिल्ल्याच्या, काळ्याभोर, आपल्या खात्रीच्या. चार-पाच शेळ्या सांभाळणाऱ्या बायकांना मधे दलाल नसलेली एवढी एकच विक्री आहे. ते पत्र वि.ला गेलं तर तो बाजारातून कुठल्याही शेळ्या गोळा करून संघाच्या नावावर खपवील. मग पुढच्या वर्षी संस्था नाही आणि नावही नाही.

१५ नोव्हें., शनिवार

संचालकांची बैठक. आबा (आमचे अध्यक्ष, माणूस भला, पण भांडण म्हटलं की चष्मा पुसत बसतात) म्हणाले, "आगं नवीन फुकटचं खातं काढ की. माझ्या जावयाच्या नंबरवर."

मी: "आणि उद्या जावई रुसले तर?"

मग मीच सांगितलं. इंटरनेटवर संघाचं स्वतःचं नाव घ्यायचं, स्वतःचं मशीन इथंच ऑफिसात ठेवायचं, पत्रं त्यावर येतील, त्यावरून जातील. कुणाच्या खिशातल्या मोबाइलवर काही नको. मेल सर्व्हर म्हणतात त्याला.

एक संचालक: "शेळ्या राखणाऱ्यांना सर्वर?" खूप हशा.

म्हटलं, शेळीच्या कानात नंबर घातला तेव्हा नाही हसलात?

आबा: "आन जमलं न्हाय तर?"

"संक्रांतीपर्यंत संस्थेचं पत्र आपल्या सर्व्हरवर आलं नाही तर टेबलाची किल्ली तुमच्या हातात देते आणि घरी बसते."

बोलून गेले. आता लिहिताना वाटतंय, जरा जास्तच बोलले. इथंच लिहिते, बाहेर कुणाला दिसणार नाही.

१८ नोव्हें., मंगळवार

संगणकाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, स्वतःचा सर्व्हर हे मोठ्या कंपन्यांचं काम, तुम्ही दर महिन्याला पैसे भरून कुणाच्या तरी सर्व्हरवर जागा घ्या. सल्ला शहाणपणाचा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पुढं म्हणाला, "ताई, तुम्हाला नाही झेपायचं." मग विषयच संपला.

ऑफिसात परत आले तर बाकड्यावर काझीचाचा पेपर वाचत होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त. घरी पेपर येतो, तरी इथं येऊन वाचतात. सगळं ऐकून म्हणाले, "कायकू घाबरती बेटा? चिठ्ठीच है ना वो. नाव पाहिजे, नंबर पाहिजे, दरवाजा पाहिजे. बाकी सब हवा."

का.चा. माझ्या बाजूला. म्हणजे आता आम्ही दोघं.

२४ नोव्हें., सोमवार

नाव घेतलं. संघाच्या नोंदणीपत्रावर घेतलं, माझ्या नाही, आबांच्याही नाही. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर मागितला तेव्हा हात थांबला. माझाच टाकणार होते! वि.नं सुरुवातीला नेमकं हेच केलं असणार, काही वाईट मनात नसताना. संघाच्या नावानं वेगळं सिमकार्ड काढलं, जुन्या फोनमध्ये घातलं, फोन टेबलाच्या कप्प्यात ठेवला. मग फॉर्म भरला.

मशीन म्हणजे ऑफिसचा जुना संगणक. पुसून त्यावर फुकट मिळणारी प्रणाली टाकली. सूचना सगळ्या इंग्रजीत. एक पान वाचायला पाऊण तास लागतो. पण टाइपरायटरही मी असाच शिकले होते. तेव्हाही लोक हसायचेच.

१ डिसेंबर, सोमवार

आलं! माझ्या पेटीतून आबांच्या पेटीत. "आबा, नमस्कार. हे पत्र आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर आले आहे." छापलं, आवक शिक्का मारला, अकरा वाजता मोठ्यानं वाचलं.

आबा: "तू समोर बसलीयस, मग पत्र कशाला?" पण कागद घडी करून खिशात घातला. बघितलं मी.

३ डिसें., बुधवार

ऑफिसातल्या ऑफिसात पत्र फिरतंय, बाहेर एकही जात नाही. दिवसभर धडका. का.चां.नी दुपारी शोधून काढलं. पत्र बाहेर जायचं जे दार असतं, पोर्ट पंचवीस, ते इंटरनेटची लाइन देणाऱ्यांनीच बंद ठेवलेलं असतं. घरगुती लाइनवर लोक कचरा पाठवतात म्हणून. कारण बरोबर आहे, पण आम्ही कुठं कचरा पाठवतोय?

९ डिसें., मंगळवार

का.चा. आणि मी एसटीनं धाराशिवला, लाइनवाल्यांच्या ऑफिसात. चौथी खेप. साहेब अर्ज न वाचताच म्हणाले, "गोट फार्मला हे कशाला लागतं?"

का.चां.नी टोपी काढून टेबलावर ठेवली. "साहब, तीस बरस लाइनी ओढल्या मी. तवा बी लोकं म्हणायचे, खेड्यात फोन कशाला लागतो?" साहेबांनी अर्ज वाचला.

तीन गोष्टी मिळाल्या. आमच्या मशीनला इंटरनेटवरचा कधी न बदलणारा नंबर. उघडं दार. आणि उलटी नोंद, म्हणजे समोरच्या सर्व्हरनं आमच्या नंबराला विचारलं 'तू कोण?' तर संघाचंच नाव सांगितलं गेलं पाहिजे. ते नसलं तर कुणी उंबऱ्यात घेत नाही.

येताना येडशीच्या फाट्यावर चहा. पैसे का.चां.नी देऊ दिले नाहीत.

११ डिसें., गुरुवार

पत्र बाहेर गेलं. माझ्या स्वतःच्या खात्यावर आलं, कचऱ्यात नाही, नीट वर.

दुपारी सगळं बंद. बिल्ला मारायला आणलेल्या शेळीनं दाराजवळची तार खाल्ली. संघाच्या शेळीनं संघाची तार! तिच्या मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता. नवी तार उंचावरून ओढली.

१२ डिसें., शुक्रवार

आज माती खाल्ली.

उत्साहाच्या भरात सगळ्या सभासदांना एकदम पत्र पाठवलं. दोनशे अकरा. "संघ सुरू आहे. जुन्या पत्त्यावर लिहू नये. नवा पत्ता असा." सभासद यादीतला मेलचा रकाना तसाच उचलला आणि पाठवला. दहा मिनिटांत आमचा नंबर काळ्या यादीत. कचरा पाठवणारे म्हणून. आता आमचं पत्र कुणीच घेईना.

अजून कळत नाही, असं काय केलं मी.

१३ डिसें., शनिवार

कळलं. रकाना आज डोळे उघडून वाचला. दोनशे अकरा सभासद, पत्ता एकच. एकाच माणसाच्या पेटीत एकाच मिनिटात मी दोनशे अकरा पत्रं टाकली. कुठलाही सर्व्हर दुसरं काय समजणार?

पत्ता एसटी स्टँडसमोरच्या नेटवाल्या महेशचा. तीन वर्षांपूर्वी सभासदांचे फॉर्म ऑनलाइन भरायचे ठरले तेव्हा सगळे त्याच्याकडंच गेले होते.

आबा म्हणाले, "जाऊ दे आता शैला. लई झालं." मायेनं म्हणाले, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, संक्रांत अजून लांब आहे.

१९ डिसें., शुक्रवार

वेळअमावस्या. गाव सगळं पूजेला आणि जेवायला रानात. मी चंद्राबाईंच्या शेतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, जेवून जागचं हलवेना. शेळ्या बांधाला. जेवताना बायकांना विचारलं, तुमचा मेलचा पत्ता कुणी काढला?

चंद्राबाई: "मला मेल हाय?"

आहे, म्हटलं. महेशचा.

"त्याच्याकडं माझं काय काम?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण परत येताना तेच डोक्यात. वि.नं संघाचं खातं नेलं म्हणून मी महिनाभर आग ओकतेय. आणि या दोनशे अकरा जणांना स्वतःचा पत्ता कधी नव्हताच, हे मला, रजिस्टर सांभाळणारीला, माहीत नाही. लाज वाटली. खरंच.

२२ डिसें., सोमवार

महेशकडं गेले, भांडायच्या तयारीनं. तो बिचारा खुर्चीतून उठलाच. "ताई, मेल टाकल्याबिगर फॉर्म मोरं सरकत नव्हता. कुणाकडंच नव्हतं, मग माझं टाकलं. गुन्हा हाय का?"

नाही. मीही तेच केलं असतं.

त्याच्या पेटीत हजारो न उघडलेली पत्रं. माझी दोनशे अकरा कचऱ्यात एका रांगेत. ती त्यानं 'कचरा नाही' म्हणून वर काढली. म्हटलं, आता शेळी म्हणून शोध, मराठीत आणि इंग्रजीतही. आणखी काय काय आलं बघू.

खाली, एक वर्षापूर्वीचं, एक पत्र. कर्नाटकातल्या त्या संस्थेच्या डॉक्टर मॅडमचं. वर नाव चंद्राबाईंचं, पत्ता आमच्या सभासद यादीतला. इंग्रजीत. दोनदा वाचलं, मग महेशनं दिलेला चहा गार झाला ते कळलं.

खाली मॅडमचा स्वतःचा पत्ता. महिनाभर ज्याच्यासाठी मी दारं ठोठावली तो पत्ता माझ्याच चुकीच्या रकान्यातून हाती आला.

२३ डिसें., मंगळवार

चंद्राबाईंना निरोप धाडून बोलावलं. अकरा वाजता. बाकड्यावर आबा, का.चा., बिल्ल्यासाठी आलेले चौघं. मराठीत करत वाचलं:

"चंद्राबाईंना नमस्कार. तुमच्या दोन शेळ्या इथं चांगल्या रुळल्या. दोघींना जुळी करडं झाली. त्याच घरातल्या आणखी शेळ्या असतील तर मला सरळ कळवा. तुम्ही त्यांना काय खायला घालता, तेही कळवा. वाट पाहते."

चंद्राबाई म्हणाल्या, "वरीसभर पडून व्हतं? त्या बाईला वाटलं आसंल, ही किती शिष्ट."

मग पदर डोळ्याला. मग लगेच शिवी, महेशला की वि.ला कळलं नाही, लिहिण्यासारखी नाही.

त्यांना आपल्या सर्व्हरवर पेटी काढून दिली. त्यांच्या नावाची, सभासदातली पहिली. उत्तर त्यांनी तोंडी सांगितलं, मी टाइप केलं. सुबाभळीचा पाला, तुरीचं भुसकट, जुळी झाल्यावर शेळीला काय देतात, सगळं. फार लांब झालं. एक अक्षर गाळलं नाही. अर्थ करून खाली इंग्रजीत जोडला.

पण पाठवायचं कसं, आपला नंबर अजून काळ्या यादीत. महेश दारातच उभा होता, म्हणाला माझ्या खात्यावरून धाडू का. चंद्राबाई: "न्हाय. वरीसभर तुझ्याच नावानं व्हतं. आता माझ्या नावानं जाऊ दे. थांबंल ते."

थांबलं.

३० डिसें., मंगळवार

काळी यादी ठेवणाऱ्यांना तीन अर्ज केले. खोटं काही लिहिलं नाही. लिहिलं की आम्ही खेड्यातला शेळीपालकांचा संघ, दोनशे अकरा लोकांना एकच पत्ता आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आता पेट्या एकेक काढतोय. आज त्यांनी आमचा नंबर यादीतून काढला.

चंद्राबाईंचं पत्र गेलं. सोबत आबांच्या सहीचं संघाचं पत्र: जुनं खातं आमच्या ताब्यात नाही, बिल्ल्यांचं रजिस्टर आमच्याकडंच आहे, समक्ष येऊन तपासावं. नोंदीत समोरून २५० आलं. म्हणजे घेतलं. उघडलं का, वाचलं का, ते २५० सांगत नाही.

५ जानेवारी, सोमवार

काही नाही. चंद्राबाई तिसऱ्यांदा येऊन गेल्या. अकराला पाच मिनिटं कमी असताना येतात, बसतात, ऐकतात, जातात. सभासदांच्या पेट्या आजपर्यंत सतरा. रोज दोन-तीनच काढते, घाई एकदा नडली.

८ जाने., गुरुवार

बाहेरून पहिलं पत्र आलं. कुणाचं? वि.चं!

"मा. अध्यक्ष, संदर्भासाठी बिल्ला रजिस्टरची प्रत मेलवर पाठवावी. आपला, माजी सचिव."

अकरा वाजता वाचलं, आवाज न बदलता. आबांनी चष्मा पुसला नाही. म्हणाले, "म्हंजी संस्थेनं त्याच्याकडं बिल्ले मागितले. आपला नवा पत्ता बी तिथूनच मिळाला आसंल."

म्हणजे संस्था अजून त्याच्याशीही बोलतेय. आणि विचारतेयही. दोन्ही खरं.

चंद्राबाई: "उत्तर द्या त्याला. फुकट नगा ठिवू." दिलं. आबांनी सांगितलं, पहिल्यांदा स्वतः, एका बोटानं टाइपही केलं: "रजिस्टर संघाचे आहे, संघातच आहे. पाहायचे असल्यास कोणत्याही दिवशी अकरा वाजता समक्ष यावे. मोठ्याने वाचून दाखवण्यात येईल." जावक क्रमांक घातला. दोनच ओळींना वीस मिनिटं लागली, पण मी हात लावला नाही.

१३ जाने., मंगळवार

भोगी. सकाळपासून लाइट नाही. इन्व्हर्टर दहाला ओरडायला लागला, साडेदहाला मशीन बंद. का.चा. म्हणतात घाबरू नको, पत्र आलं आणि दार बंद दिसलं तर पाठवणारा सर्व्हर परत येतो, पाच दिवस येत राहतो. मलाही ते माहीत आहे. मीच वाचून त्यांना सांगितलं होतं.

उद्या संक्रांत. शुक्रवारी बैठक. संस्थेचं पत्र आलेलं नाही. किंवा आलंय आणि बाहेर उभं आहे. तिकडं वि.ला गेलं असेल तर तेही कळायला मार्ग नाही.

चंद्राबाई भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी घेऊन आल्या. येडशीहून, गाडीत उभ्यानं. अकरा वाजले. आबा हळूच म्हणाले, "शैला, किल्लीचं मी काय मनावर घेतलेलं न्हाय बरं."

म्हटलं, मी घेतलं होतं. पण आबा, आता नाही देणार. शुक्रवारी बैठकीत विचारा, तिथंही हेच सांगीन. शब्द मोडला म्हणा. तीस पेट्या झाल्या आता, त्यांची माणसं या बाकड्यावर येऊन बसतात, त्यांचं टपाल कुलपात टाकून मी घरी बसणार नाही.

त्यांनी मान डोलावली की नुसती खाली घातली, आतल्या अंधुक उजेडात दिसलं नाही.

चंद्राबाई म्हणाल्या, "अकरा वाजून गेलं की. वाचा."

लाइट नाही, नवीन काही नाही, म्हटलं.

"मग मागचंच वाचा. माझं."

खिडकीशी कागद धरला आणि वाचलं. चंद्राबाईंना नमस्कार. तुमच्या दोन शेळ्या इथं चांगल्या रुळल्या. शेवटच्या ओळीला, 'वाट पाहते' ला, त्या माझ्या आधीच बोलल्या.

आता साडेतीन. लाइट अजून आली नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.